भव्या बोलायला लागली आहे

प्रिय शंभू,

पत्रात मुलाला चिरंजीव लिहायची रीत आहे, ते मला ठाऊक आहे. तरी मी 'प्रिय' लिहिलंय, आणि ते खोटं नाही, एवढं आधीच सांगून ठेवते. बरेच दिवस मी मुलाखतीला आले नाही. शेषगिरी वकिलांनी तुला सांगितलं असेल की आईचे गुडघे दुखतात, बस बदलत अग्रहारच्या तुरुंगापर्यंत यायला तिला जमत नाही. गुडघे दुखतातच. पण न येण्याचं कारण ते नाही. कारण या पत्रात लिहिणार आहे, फक्त एकदम लिहायला जमणार नाही, मला हळूहळू तिथपर्यंत जाऊ दे. तुरुंगातून तुझा फोन येतो तेव्हा तूच बोलत असतोस आणि मी हूं हूं करते, म्हणून लिहायला बसले. आपल्या लोकांत मराठी घरात बोलण्यापुरती. लिहायचं म्हटलं की सगळे कन्नडात लिहितात. मला देवनागरी माझ्या वडिलांनी शिकवली आणि तुला मी. अक्षर वाकडंतिकडं आलंय, समजून घे. तिथे पत्रं उघडून वाचतात म्हणे. वाचू देत.

आम्ही बनशंकरीचं घर सोडलं. तुला सांगितलं नव्हतं. मालकीणबाई वाईट नाहीत, पण त्या जिन्यावरून जा-ये करायला कुणी तयार होईना, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू महिन्याभरात निघून गेले. शेवटी त्या माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "सोयराबाई, बेजार करून घेऊ नका हं, पण आम्हालाही चार लोकांत राहायचंय." मी वाईट वाटून घेतलं नाही. मलाही तिथे नकोच होतं. आता जे. पी. नगरच्या मागच्या बाजूला एक खोली घेतली आहे, तळमजल्यावरची. जिना नसलेलीच बघितली. तुझ्या वडिलांचा फोटो लावलाय. तुझे कपडे ट्रंकेत नीट घडी करून ठेवलेत, डांबरगोळ्या घालून. यशश्रीचे तिच्या माहेरचे लोक घेऊन गेले.

भव्या तिसरीत गेली. पुढचे दात आले, जरा मोठेच आलेत, तुझ्यासारखे. उंचीही तुझ्यावर जाणार. मुलाखतीला यायचे तेव्हा तू जाळीपलीकडून विचारायचास, "पोरगी काय म्हणते?" आणि मी म्हणायचे, "बरी आहे, अभ्यास करते." खरं हे होतं की पोरगी काहीच म्हणत नव्हती. यशश्री गेली त्या दिवसापासून तिच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला नव्हता. साध्या साडीत आलेल्या पोलीसबाईंनी चॉकलेट दिलं, मांडीवर घेतलं, तरी नाही. डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले, म्हणाले सगळं ठीक आहे, वेळ द्या. शाळेत बाईंना आधी वाटलं हिला कन्नड येत नाही, मग वाटलं ऐकू येत नाही. मान हलवायची, हो किंवा नाही, बस. आणि रडायची तीही आवाजाशिवाय. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, आणि आवाज नाही. मी इतकी पोरं वाढवली, नात्यातली, शेजारची, पण असं रडणं मी आधी बघितलं नव्हतं.

शेषगिरी वकील त्या वेळी घरी आले होते. भव्या कोपऱ्यात बसली होती आणि ते तिच्यादेखतच मला म्हणाले, "अजून बोलत नाही? मग उत्तमच की हो. त्या वेळी घरात असलेली ती एकटी, आणि तीच मुकी." मी त्यांच्यासाठी कॉफी केली होती. ती त्यांनी पिऊन संपवली आणि छान झाली म्हणाले. मी कप उचलून विसळायला नेला, कारण माझा तुझ्यावर विश्वास होता. पहिल्या मुलाखतीत तू जाळीला दोन्ही हात लावून म्हणाला होतास, "आई, मी न्हाणीत होतो. ती गच्चीवरचे कपडे काढून खाली येत होती. धडधड आवाज आला म्हणून धावलो तर ती खाली पडलेली." तू म्हणालास आणि मी मानलं. यशश्रीचा बाप पोलिसांत गेला तेव्हा मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आईचं मन असंच असतं रे. तू याहून अवघड काही सांगितलं असतंस तरी मी मानलं असतं.

भार्गवी मला भेटली ती तुरुंगाच्या दारातच. घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून त्या दिवशी भव्याला सोबत आणलं होतं; आम्ही रांगेत उभ्या होतो आणि ती उन्हात पुढे सरकायला तयार नव्हती, म्हणून मी तिच्यावर करवादले. तेवढ्यात चष्मा लावलेली, सुती साडीतली एक बाई मागे वळून म्हणाली, "तुम्ही आपल्यातल्या का?" तिचे लोकही आपल्यासारखे किती पिढ्यांपासून इथलेच, ब्राह्मण आहेत, पण मराठी आपल्यासारखीच, अर्धी कन्नडात बुडवलेली. ती एका संस्थेत काम करते. ज्या मुलांच्या आईबापांपैकी कुणी तुरुंगात आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ती संस्था आहे. ते ऐकून माझं डोकं फिरलं. "आम्ही तसले लोक नाही," मी म्हटलं. तिला राग आला नाही. म्हणाली, "सरी, नाही तर नाही. पण शनिवारी मुलं कागदाचे आकाशकंदील करणार आहेत. हिला घेऊन या. तुम्हाला आत यायचं नसेल तर ओसरीवर बसा." भव्यानं माझा पदर ओढला. तेवढ्यासाठी गेले.

जागा म्हणशील तर एक जुनं बैठं घर आहे, कुणी तरी संस्थेला वापरायला दिलेलं. पुढच्या मोठ्या खोलीत मुलं, मागच्या खोलीत शिलाईच्या मशीनी आणि आम्ही बायका. मुलांना कागद, माती, रंग, मणी, जे हवं ते. गाणी असतात, खेळ असतात, आणि कुणाला काहीच करायचं नसेल तर एका कोपऱ्यात गादी आहे, तिथे नुसतं पडून राहायचं. बायका कापडी पिशव्या, उशांचे अभ्रे, हत्ती-घोडे आणि गोधड्या शिवतात. गोधडीला तिथे सगळ्या कौदी म्हणतात. तो माल व्हाइटफील्डच्या मोठमोठ्या सोसायट्यांत प्रदर्शनाला जातो, इंदिरानगरच्या दुकानांत जातो. पहिल्या दिवशी मी ओसरीवर चपलांपाशी बसले. दुसऱ्या शनिवारी दारापर्यंत सरकले. तिसऱ्या वेळी एक तमिळ म्हातारी गोधडीच्या कडेशी झगडताना दिसली, तेव्हा राहवेना, जाऊन तिच्या शेजारी बसले. इतकी वर्षं गारमेंटात शिलाईच्या मशीनवर काढली, माझे हात रिकामे राहत नाहीत हे तुला माहीत आहेच. तिथे एक रीत आहे, आपल्या माणसानं काय केलं ते कुणी कुणाला विचारत नाही. त्यामुळे तिथे बसल्यावर मला पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

इंदिरानगरचं नाव निघालं की मात्र हात थांबायचे. यशश्री तिथल्याच कपड्यांच्या दुकानात कामाला लागली होती ना. किती हुशारीनं साड्यांची घडी घालायची, गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलायची आणि घरी येऊन नकला करून आम्हाला हसवायची. आणि तू टॅक्सीची व्हाइटफील्डची भाडी सोडून तिच्या दुकानासमोर गाडी लावून बसायचास. कुणाशी बोलते, कुणाकडे बघून हसते. मी तुला तेव्हा म्हटलं होतं, बायको आहे ती, कैदी नाही. तू माझ्या अंगावर ओरडलास. स्वयंपाकघरात तुझा उचललेला हात मी दोनदा धरला, आठवतंय? दोन्ही वेळा नंतर तू लहान पोरासारखा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलास. तिसऱ्या वेळी मी तुझ्या मावशीकडे बारशाला धर्मपुरीला गेले होते.

असो. भव्याचं सांगते. ती मुलांच्या खोलीत फार वेळ बसायची नाही, माझ्यापाशी येऊन बसायची. आमच्यातल्या निम्म्या बायकांना सुईचं नेढं दिसत नाही. एकदा भव्यानं न सांगता माझ्या हातातून सुई घेतली, दोरा ओठांत धरून ओला केला आणि ओवून दिली. मग शेजारच्या बाईची. मग ते तिचं कामच झालं. "भव्या, सुई," असं कुणी कन्नडात, कुणी तमिळमध्ये, कुणी उर्दूत म्हणायचं, आणि ही उठून जायची. सगळ्या बायका तिचं तोंड भरून कौतुक करायच्या, आणि ती बोलत नाही याचा कुणी बाऊ केला नाही. भार्गवी तर म्हणायची, "तिला बोलतं करायला आपण इथे नाही बसलो. हात चालताहेत ना, चालू देत." हळूहळू ती जेवायला लागली. अंथरूण ओलं व्हायचं ते थांबलं. मी मारुतीला नारळ फोडला आणि मला वाटलं, आता हे असंच राहिलं तरी चालेल.

तिथे स्मृती नावाची एक मुलगी येते, भव्याच्याच वयाची, तोंडाची फटकळ. तिचा बाप मोटारसायकली चोरताना सापडला. मोठ्या माणसांची रीत पोरांना कुठली? त्या दिवशी दोघी आमच्याच खोलीत खाली बसून दाराच्या तोरणाचे मणी ओवत होत्या. स्मृती सहज म्हणाली, "माझ्या अप्पानं गाड्या चोरल्या. तुझ्या अप्पानं काय केलं?" आणि भव्या मणी ओवता ओवता म्हणाली, "आईला जिन्यावरून ढकललं." आवाज घोगरा होता, गंजल्यासारखा, मला क्षणभर कळलंच नाही की हा भव्याचा आवाज आहे. स्मृतीनं विचारलं, "मग मेली?" भव्या म्हणाली, "नाही. उठत होती. मग अप्पा खाली गेला आणि परत डोकं आपटलं. परत परत." मग मणी संपले म्हणून तिनं डबा पुढे ओढला आणि हिरवे मणी शोधायला लागली.

शंभू, मी हे जसंच्या तसं लिहिलंय. एक शब्द वाढवला नाही, गाळला नाही. खोलीत आम्ही पाच-सहा जणी होतो. कुणीही मान वर केली नाही. मशीन चालवणारीनं मशीन चालू ठेवली. नंतर मला कळलं की ते त्यांनी मुद्दाम केलं, पोरीला वाटू नये की ती काही भलतं बोलली. माझ्या शेजारच्या तमिळ म्हातारीनं नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही. मी टाके घालत राहिले. संध्याकाळी बघितलं तर ती सगळी ओळ गोधडीऐवजी माझ्याच पदराला शिवली गेली होती.

त्या दिवशी घरी येताना ती बोलतच होती. बसमधल्या माणसाची टोपी, कुत्र्याचं शेपूट, भात नको, चित्रान्न कर, अज्जी, तुझ्या कानात केस आहेत. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं. मी हसत होते. मनाला समजावत होते की पोरं स्वप्नात बघतात, कुणाचं ऐकतात, जोडून सांगतात. तिच्या आजोबांनी भरवलं असेल, असंही म्हणून बघितलं. पण यशश्रीचे वडील, नरसिंहराव, अंत्यविधीनंतर एकदाही तिला भेटलेले नव्हते.

मग एकदा ती भार्गवीजवळ माती मळत बसली होती. मीही होते. मातीचा गोळा दाबत ती म्हणाली, "आवाज मी मोठा केला होता." भार्गवीनं विचारलं, "कशाचा?" तर म्हणाली, "टीव्हीचा. आई जिन्यातून म्हणाली, भव्या, आत जा, टीव्ही लाव. मी लावला. तरी ऐकू येत होतं, म्हणून आवाज मोठा केला. मग दारातून बघितलं. आवाज मोठा होता म्हणून खालच्या आंटींना आई ऐकू आली नाही. आली असती तर त्या आल्या असत्या." एवढीशी पोर. आपल्या आवाजानं आई मेली असं समजून तिनं स्वतःचा आवाजच बंद करून टाकला होता.  भार्गवीनं भव्याचे मातीचे हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाली, "जे मोठ्या माणसानं केलं, ते मोठ्या माणसाचंच असतं. तुझं त्यात काहीच नाही." भव्यानं मान हलवली. पण तिला ते पटलेलं नाही. अजूनही शेजारी कुणी टीव्ही लावला की ती कान झाकते. यशश्रीनं मरता मरता आपल्या लेकीला हे बघावं लागू नये म्हणून आत पाठवलं, आणि तेच पोरीच्या उरावर बसलंय.

भार्गवीनं मला विचारून नरसिंहरावांना होसूरहून बोलावून घेतलं. अंत्यविधीनंतर आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. ते आले आणि मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसले, गुडघे छातीशी आलेले. किती वाळलेत. भव्यानं त्यांना ओळखलं, जवळ गेली, आणि मग इतकं बोलत सुटली की त्यांना डोळे पुसायलाही सवड दिली नाही. निघताना ओसरीवर चप्पल घालता घालता ते म्हणाले, "पोरीला बोलू दिलंत, ते उपकार मी विसरणार नाही." मी म्हटलं, "मी काही केलं नाही." मग ते थांबले. म्हणाले, "उद्या ही कोर्टात बोलेल. तो तुमचा मुलगा आहे. तुम्ही कुणाच्या बाजूला बसाल, सोयराबाई?" मी आत आले आणि गोधडी हातात घेतली.  खरं सांगते, तेव्हाही माझ्या मनात एक कोपरा तुझ्यासाठी राखलेला होता. न्हाणीत असेल, पाण्याचा आवाज असेल, पोर गोंधळली असेल.

मग शेषगिरी वकील आले. भव्या बोलायला लागली हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, ती काय सांगते ते तुम्ही ऐका तरी. त्यांना ऐकायचं नव्हतं. म्हणाले, "काही काळजी नको. पोरांची साक्ष मोडायला काय लागतं? हिला आईनंच म्हटलं होतं ना, भव्या, आत जा, टीव्ही लाव? मग आत होतीस तर बाहेरचं कसं दिसलं? टीव्ही एवढा मोठ्यानं का लावलास, बाळ? आईचं ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून? असं विचारलं की दोन मिनिटांत रडायला लागेल, मग न्यायाधीशच म्हणतील पुरे." ते हे सांगताना हसत नव्हते, तेवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. त्यांचं कामच ते.

मी विचारलं, "टीव्हीचं तुम्हाला कुणी सांगितलं?" ते म्हणाले, "कुणी म्हणजे? शंभूराजनं. सगळं सांगितलंय त्यानं मला." आणि मग त्यांच्याच लक्षात आलं आणि ते फाइल बांधायला लागले.

तू न्हाणीत होतास, शंभू. पाणी वाहत होतं. धडधड आवाज ऐकून धावलास. मग यशश्री जिन्यातून आपल्या लेकीला काय म्हणाली, ते शब्दन् शब्द तुला कसे ठाऊक? ती ते बोलली तेव्हा तू तिच्यासमोर उभा होतास. तिनं पोरीला आत पाठवलं ते तू ऐकलंस. ते ऐकूनही तुझा हात थांबला नाही. त्या दिवसापासून मी मुलाखतीला आलेले नाही. जाळीपलीकडे तू बसशील, "पोरगी काय म्हणते" विचारशील, आणि मी काय सांगू?

तू लहानपणी तापात फणफणलास की मी अंगाऱ्यापासून इंजेक्शनापर्यंत सगळं केलं. तुझे वडील बसची पाळी करून यायचे आणि तुझ्या उशाशी बसून पेंगायचे. ते आज नाहीत याबद्दल मी देवाचे आभार मानते, नवऱ्याच्या मरणाबद्दल आभार मानणारी बाई मी झाले. मला अजून तुझी भूक आठवते, तुला फोडणीचा भात आवडतो ते आठवतं. मी तो आता करत नाही. तुझा द्वेष करता आला असता तर सोपं झालं असतं. नरसिंहरावांना ते जमतं. मला जमत नाही, आणि म्हणून माझं दुखणं कुणाला सांगायची सोय नाही. तिथल्या बायकांना थोडं कळतं. त्यांच्याही कुणाकुणाचा मुलगा आत आहे. आम्ही गोधड्या शिवतो आणि बोलत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. कोर्टाचा कागद आला आहे, पुढच्या महिन्यात भव्याला साक्षीला बोलावलंय. वेगळ्या खोलीत बसवतील, तू तिला दिसणार नाहीस, भार्गवी सोबत राहील. पण तुझ्या वकिलांना प्रश्न विचारता येतील. भार्गवीनं तिच्या ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आरोपीनं गुन्हा कबूल केला तरी न्यायाधीश कदाचित साक्ष घेतील, पण आपल्या वकिलानं उलट प्रश्न विचारू नयेत, हे आरोपीला सांगता येतं. ते तुझ्या हातात आहे. तू खरं सांगून टाक, शंभू. तेवढं धैर्य नसेल तर निदान वकिलांना सांग की माझ्या मुलीला टीव्हीबद्दल एक शब्द विचारायचा नाही. तो प्रश्न भर कोर्टात मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकला तर ती पुन्हा बोलणार नाही, आणि या वेळी कुणी कितीही मणी पुढे ठेवले तरी बोलणार नाही, हे मला आतून कळतंय. तू कबूल केलंस तर मी दर मुलाखतीला येईन, गुडघे चालतील तोवर आणि नंतर कुणाच्या खांद्यावर हात ठेवून. नाही केलंस तरी तुझी आईच राहीन, पण कोर्टात भव्याच्या बाजूला असेन, आणि टीव्हीचं तुझ्या वकिलांना कुणी सांगितलं ते न्यायाधीशांपुढे उभी राहून सांगेन. तारखेचं कळल्यापासून ती मला रोज एकच विचारते, "अज्जी, मी सांगितलं तर अप्पा रागावेल का?" मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही. ते तुझ्याकडून यायला हवं. लवकर लिही.

काहीही झालं तरी तुझीच,
आई